कपड्यांचा गुन्हा

३ एप्रिल

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझ्या खुर्चीत बसून मला आज महिना झाला. खुर्चीवरची उशी तू जाताना घेऊन गेलीस, त्यामुळे 'बसून' म्हणणंही जरा धाडसाचंच आहे.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुला फोन म्हणजे तुझ्या सूनबाईंना फोन. मागच्या वेळी मी तब्येत विचारली, त्यांनी ती तुला ओरडून विचारली, आणि तू म्हणालीस, "झाला, मघाशीच झाला चहा." पत्रात निदान दोघींचंच बोलणं राहतं.

कामाचं सांगते. ऊन वाढलंय आणि नवजात बाळांच्या खोलीत घामोळ्यांचं पीक आलंय. आठ बाळं, त्यातल्या सहांना. मानेच्या वळ्यांत, काखेत, टोपीखाली कपाळावर. बाळांच्या आयांना वाटतं मी काहीतरी बिघडवलं. भेटायला येणारी नातेवाईक मंडळी पदराआड पावडरचे डबे आणतात. दोन दिवसांत पाच डबे जप्त केले. बाळांचे डॉक्टर "उन्हाळा आहे, होणारच" एवढं म्हणतात आणि पुढच्या खोलीत जातात, जणू तिथे हिवाळा आहे. मेट्रन, आपल्या मोठ्या बाई, दारात येतात, हात मागे बांधून उभ्या राहतात आणि म्हणतात, "मोठ्या सिस्टर असताना..." तुझ्याबद्दलचं ते वाक्य पुरं करत नाहीत. पुरं केलं असतं तर बरं वाटलं असतं.

तुला ठाऊक आहे, माझी नेमणूक सहा महिन्यांच्या बोलीवर आहे. त्यांनी 'जमत नाही' असं लिहिलं की मी परत मलमपट्टीच्या खोलीत.

एक चांगलं काम मात्र मी पहिल्याच आठवड्यात केलं. आपल्या आयाबाई, आक्का, तीन नंबरच्या वॉर्मरच्या बटणाशी चाळा करताना सापडल्या. आकडा चौतीसवर आणून ठेवलेला! दीड-पावणेदोन किलोची बाळं ठेवतो आपण त्या तापत्या पाळण्यात, गारठून जायची. विचारलं तर म्हणाल्या, "मोठ्या सिस्टरनी सांगितलंय. छत्तीसच्या दोन खुणा खाली ठेवायचं, रोज सकाळ-संध्याकाळ बघायचं." का, तर "ते मी कधी विचारलं नाही." मी बटण फिरवून आकडा छत्तीसवर आणला आणि मशीनला हात लावायचा नाही अशी तंबी दिली. तुझं नाव पुढे करून लोक काय काय खपवतात!

घामोळ्यांवर तू काय करायचीस ते सविस्तर कळव.

तुझी भाची


९ एप्रिल

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. उशी माझी होती, म्हणून आणली. खुर्ची सरकारी होती, म्हणून ठेवली. यात टोमणा मारण्यासारखं काही नाही.

घामोळं हा रोग नव्हे, हा कपड्यांचा गुन्हा आहे. हे वाक्य पाठ कर आणि प्रत्येक आईला ऐकव. मी तेच करत आले. बाळ जन्मलं की घरातल्या प्रत्येकाला वाटतं ते बर्फातून आलंय. टोपी, मोजे, हातमोजे, दुपटं, त्यावर दुसरं दुपटं. बाळाला घाम येतो पण घामाच्या वाटा अजून पुरत्या उघडलेल्या नसतात. घाम कातडीखालीच अडकतो आणि पुरळ उठतं.

तेव्हा आधी टोप्या काढ. एक सुती झबलं पुरे, तेही सैल. साध्या पाण्यात मऊ फडकं बुडवून अंग टिपायचं. टिपायचं म्हणतेय, घासायचं नाही. भांडी नव्हेत ती. वळ्या उघड्या करून वाऱ्यावर सुकू द्यायच्या. पंखा चालेल, झोत थेट अंगावर नको. दूध मागेल तेव्हा पाजायचं, वर पाणी नाही. पावडर नाही, तेल नाही, कसलंही मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पावडर घामाशी मळून वाटा आणखी बुजवते आणि उडाली की बाळाच्या छातीत जाते. जप्त केलेले डबे परत देऊ नकोस. मी माझ्या काळात त्यांनी कपाटाचे पाय टेकवले होते.

पुरळ वाचायला शीक. पाण्याच्या थेंबासारखं असेल तर आपोआप जातं. लाल असेल तर बाळाला उकडतंय. पुवाचं टोक दिसलं, अंग तापलं, बाळ दूध ओढेना किंवा हातात कापडासारखं लोंबायला लागलं, तर डॉक्टरांच्या मागे पळायचं. चपला राहिल्या तरी चालतील.

आक्काला रागावू नकोस. जुनी बाई आहे.

माझे कान आहेत तसेच. मुलगा म्हणतो कानात मशीन बसवून घे. मी म्हटलं, आयुष्यभर मशीनं पाहिली, आता एखादं डोक्यात घालून घ्यायची हौस नाही.

तुझी मावशी

ता. क. घामोळं कोणकोणत्या पाळण्यांत आहे? सहज विचारते.


१६ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझ्या हाताला नाही तर तुझ्या पत्राला गुण आहे. टोप्या काढल्या, अंगं टिपली, तीन दिवसांत पाच बाळांचं पुरळ मावळलं. तुझं वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलंय. आया ते वाचतात आणि मान खाली घालतात.

तू सहज विचारलंस, आणि ते नेमकं लागलं. जे जात नाही ते फक्त तीन नंबरमध्ये. तिथे पंधरा दिवसांत तीन बाळं ठेवली. तिघांनाही पाठभर लाल पुरळ, दोघांना ताप. डॉक्टरांनी जंतूंचा संशय धरून इंजेक्शनं सुरू केली. गंमत म्हणजे तिथून आईजवळच्या खाटेवर गेलं की बाळ दोन दिवसांत स्वच्छ. वॉर्मरच्या काचेवर आकडा बरोबर छत्तीस. मी दर तासाला बघते आणि लिहिते.

म्हणजे कपडे नाहीत, मशीन नाही. मग राहिलं काय? माणूस. मला आक्कांचा संशय आला. तेल चोळण्याची त्यांना हौस आहे आणि तीन नंबरपाशी त्या सारख्या घुटमळतात. मी विचारलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "सिस्टर, मला दोन खुणा फिरवू द्या, मग मला काढा." आता याला काय म्हणायचं? मी मोठ्या बाईंना सांगून त्यांची बदली धुलाईच्या खोलीत करवली. बाळांच्या खोलीत यायला मनाई आहे.

वाईट वाटलं. पण बाळांपेक्षा आयाबाई मोठ्या नाहीत.

तुझी भाची


२१ एप्रिल

चि. भाचीस,

आशीर्वाद. आक्का तेल चोळणार नाही. तीस वर्षांत तिने स्वतःच्या केसांना धड तेल लावलेलं मी पाहिलं नाही. तिला परत घे.

तीन नंबर जुना झालाय, माझ्यासारखा. जुन्या गोष्टींकडून किती काम घ्यायचं याला काही धरबंध असतो. शक्य असेल तर तो रिकामा ठेव. कोणी विचारलं तर कुरकुरतो म्हणून सांग.

आणि काचेवरच्या आकड्यांवर फार विसंबू नकोस. तुम्हा शिकलेल्या मुलींना आकडा दिसला की हात दिसत नाही. बाळाच्या पाठीखाली गादीला हाताची मागची बाजू लावत जा. तळवा नको, कामाने तो निबर झालेला असतो. मागची बाजू खोटं बोलत नाही.

बाकी इथे ठीक. सूनबाई विचारत होत्या, एवढं काय सारखं लिहिता. मी म्हटलं, घामोळं. त्या म्हणाल्या, घामोळ्यावर चार पानं? मी म्हटलं, तुमच्या आईने तुम्हाला चोवीस तास दुपट्यात ठेवलं होतं, म्हणून तुम्हाला विषय समजायचा नाही. दोन दिवस शांतता आहे.

तुझी मावशी


२७ एप्रिल

प्रिय मावशी,

रिकामा ठेवायला कारण द्यावं लागतं. 'कुरकुरतो' हे कारण ऐकून मोठ्या बाई हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं, आणि तेही माझ्यावर.

मग मी रीतसर मशीनवाल्याला बोलावलं. तो आला, मागचं झाकण उघडून त्याने फुंकर मारली, झाकण लावलं आणि 'ठीक' असा कागद सही करून दिला. वर म्हणाला, "अकरा वर्षांत या मशीनची एक तक्रार नाही. रजिस्टर बघा, मोठ्या सिस्टरांच्या अक्षरात रोज छत्तीस, ठीक." मोठ्या बाई शेजारीच उभ्या होत्या. या वेळी त्यांनी वाक्य पुरं केलं: "मोठ्या सिस्टर असताना या पाळण्यात एकाही बाळाला पुरळ उठलं नाही. पाळणा तोच, ऊन तेच. बदललं काय ते तुम्हीच सांगा." त्यांनी ते माझ्या कागदांत लिहिलंही आहे.

आणि आता पुढचं ऐक. काल आक्कांची मुलगी सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी आहे, वजन दीड किलोला थोडं कमी. डॉक्टरांनी वॉर्मर सांगितला. बाकीचे दोन भरलेले. तीन नंबरमध्ये ठेवलं.

आक्का दाराच्या काचेला नाक लावून उभ्या असतात. आत यायला त्यांना मीच मनाई केलेली. उजव्या हाताची दोन बोटं वर करून हवेत फिरवतात, बटण फिरवल्यासारखी. मी हातानेच 'जा' म्हटलं.

आज सकाळी मुलीच्या मानेवर चार लाल ठिपके दिसले. चारच.

मावशी, तू काही विसरत तर नाहीयेस ना सांगायचं?

तुझी भाची


२ मे
दवाखान्याबाहेरचं बाकडं

चि. भाचीस,

हे पत्र टपालाने आलेलं नाही. पहारेकऱ्याच्या हातून आत येईल. त्याने मला ओळखलं, नमस्कार केला, आणि भेटीच्या वेळेआधी आत सोडायला नकार दिला. हा नियम मीच लावून घेतला होता.

तुझं पत्र परवा मिळालं. मी सूनबाईंना फोन लावायला सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या कानांची गरज पडली. त्यांना म्हटलं, सांगा, तीन नंबर आत्ताच्या आत्ता बंद करा. फोन मोठ्या बाईंनी घेतला. सूनबाईंनी उत्तर कागदावर लिहून दाखवलं: 'त्या पाळण्याची तक्रार नाही असं तुमच्याच सासूबाईंनी अकरा वर्षं लिहिलंय. सिस्टर कामात आहेत.' मग सूनबाईंनी विचारलं, तक्रार आहे का. मी सांगितलं. सगळं. त्यांनी माझी पिशवी भरली आणि मला बसमध्ये बसवून दिलं.

आता तुला सांगते. तू विचारलंस, मी विसरत तर नाही ना. विसरता आलं असतं तर उशी काखेत मारून इतक्या घाईने मी तिथून निघाले नसते.

तीन नंबर खोटं बोलतो. काचेवर छत्तीस दिसतात तेव्हा गादी अडतीस असते. मी दोन खुणा खाली ठेवायची, काचेवर चौतीस दिसायचे, रजिस्टरात छत्तीस लिहायची. माझी पाळी नसे तेव्हा हे काम आक्का करायची. तिला मी कारण सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तू तिला हटकलंस हे तुझ्या पहिल्याच पत्रात वाचलं होतं. त्या दिवशी एका ओळीचं उत्तर पुरलं असतं. मी तुला चपला सोडून पळायला शिकवत बसले.

तेव्हाच तक्रार का केली नाही, हे तू विचारशील. मशीन नवं होतं. रिबीन कापून महिना झाला नव्हता. त्यात एक बाळ ठेवलं, चार दिवसांचं. सकाळी पाठभर घामोळं होतं. आई रडवेली झाली, तिला मी म्हटलं, घामोळं हा रोग नव्हे, हा कपड्यांचा गुन्हा आहे, तुम्ही भेटायला येता आणि गुंडाळून ठेवता. संध्याकाळी ताप चढला. पहाटे बाळ गेलं. मी चादर काढली, मशीन बंद करायचं राहिलं होतं, हात गादीला लागला. हाताची मागची बाजू.

त्याच आठवड्यात मला मोठी सिस्टर करायचं ठरलं होतं. तक्रार लिहायची म्हणजे आधी ते बाळ लिहायला हवं होतं. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं: हवामान व अति कपडे. मग दुसऱ्या दिवसापासून दोन खुणा. मला वाटलं, यापुढे मी सांभाळीन. सांभाळलंही. निवृत्तीच्या दिवशी मला मानपत्र दिलं, त्यात 'निष्कलंक' असा शब्द आहे. सूनबाईंनी तो भिंतीवर लावलाय.

मुलगी कशी आहे ते कळव. मी इथेच बसले आहे. ओरडून सांगू नकोस, लिहून पाठव.

मावशी


२ मे, दुपारी
(तुझ्याच पत्राच्या मागे)

मावशी,

मुलगी आहे. एवढंच आज म्हणता येतं.

परवा दुपारी तिची पाठ अख्खी लाल झाली. दूध ओढेना. उचलली तर मान आणि हात कापडासारखे लोंबले. तुझ्या दोन पत्रांतली दोन वाक्यं मला एकदम आठवली. हाताची मागची बाजू गादीला लावली आणि झटका बसल्यासारखी मागे घेतली. काचेवर छत्तीस. चादरीखाली काचेचा थर्मामीटर ठेवला, साडेएकोणचाळीसच्या वर गेला. तुझे दोन आता साडेतीन झालेत, मावशी. मशीन म्हातारं होत गेलं, तुझा हिशेब तोच राहिला. तू असतीस आणि आक्का असत्या, तरी हिची गादी तापलीच असती.

तिला काढून तिच्या आईच्या उघड्या छातीवर दिलं. दार मीच उघडलं. आक्का आत आल्या, माझ्याकडे बघितलं नाही, पाण्यात फडकं बुडवून नातीची पाठ टिपत बसल्या. टिपत होत्या, घासत नव्हत्या. डॉक्टर पळत आले. ताप उतरलाय. चमच्याने दूध घेते. रडलेली मात्र नाही अजून. डॉक्टर म्हणतात, वाट बघू.

आता मुद्दा. मोठ्या बाई म्हणतात थर्मामीटर चुकला असेल. मशीनवाल्याची सही आहे, तुझी अकरा वर्षं आहेत. सहा महिन्यांच्या बोलीवरच्या बाईने त्या दोघांना खोटं ठरवायचं कसं? कारणाच्या रकान्यात 'हवामान' लिहा असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "आणि अति कपडे?" त्या म्हणाल्या, "तेही चालेल."

तीन नंबर पुसून तयार ठेवलाय. चार वाजता ऑपरेशनने एक बाळ येणार आहे, वेळेआधीचं. त्यांनी फळ्यावर त्याच्यासमोर तीन लिहिलंय.

मी रजिस्टर पाहिलं, आजचं आणि अकरा वर्षांपूर्वीचंही. दोन्ही आक्कांबरोबर बाहेर पाठवतेय. बाहेर न्यायला बंदी आहे. आक्कांनी ती धुलाईच्या चादरींत गुंडाळली आहेत. इथे तुझं अक्षर सगळे ओळखतात. माझं कोणी ओळखत नाही. दोन्ही ठिकाणी कारणाचा रकाना आहे.

पेन आतल्या पानात ठेवलंय. सव्वातीन झालेत.

भाची


(त्याच कागदाच्या कडेला)

लिहिलं. दोन्ही ठिकाणी, खाली सही आणि आजची तारीख. जुनं खोडलं नाही, तसंच दिसू दिलंय. अक्षर वाकडं आलंय पण वाचता येतं. आक्का शेजारी उभी होती, तिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "एवढंच होतं?" मला एरवी काही ऐकू येत नाही, हे ऐकू आलं.

रजिस्टरं मोठ्या बाईंच्या टेबलावर उघडी करून ठेव, डॉक्टरांसमोर. त्याआधी तीन नंबरची वायर भिंतीतून काढ आणि तुझ्या पर्समध्ये ठेव. कागदावर वाद घालता येतो, वायर नसली की वाद संपतो. भिंतीवरचं ते वाक्यही काढ.

त्या जुन्या ओळीत बाळाच्या नावाचा रकाना रिकामा आहे. चार दिवसांचं होतं, ठेवलं नसेल. आईचा पत्ता मात्र आहे. मागच्याच रस्त्यावर, शिंप्याच्या दुकानावरचा जिना. पहारेकरी म्हणतो, अजून तिथेच राहते. त्या बाळानंतर लहान मुलाला कधी जवळ घेत नाही, असं म्हणतो.

मी आता तिकडे जाते. ती काय बोलेल ते मला ऐकू यायचं नाही. तिला लिहून द्यायला सांगावं लागेल.

कोरे कागद असतील तर चार-पाच बाहेर पाठव.